ताटावर उजेड, तोंडावर अंधार

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. जेवून हात धुतले आणि सरळ गच्चीच्या जिन्यात येऊन बसलेय, टायपिंगमध्ये चुका झाल्या तर सांभाळून घ्या. खाली आण्णा मोठ्यानं हसायलेत आणि आई त्यांच्यावर ओरडायलीय. हे दोन्ही आवाज एका वेळी ऐकून किती दिवस झाले होते ते मला आत्ता कळायलंय.

आधी थोडं मागचं सांगते, पटपट.

आण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे सांगोल्याकडचे, घरी मेंढरं. तरुणपणी सोलापुरात आले, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर लागले आणि सगळी नोकरी तिथंच काढली. मागाचा शेड आतून ऐकलाय का कधी? मी लहानपणी डबा द्यायला जायचे, तर दारातच छातीत धडधडायला लागायचं. माझं काळीज धडधडतंय का माग, तेच कळायचं नाही. त्या आवाजानं आण्णांचे कान गेले. एकदम नाही, साबण झिजतो तसे. पण गंमत अशी की त्यांचं त्यावाचून फार काही अडलं नाही, कारण शेडमध्ये कानानं कुणी बोलतच नाही. सगळे ओठ वाचतात. लांब पलीकडच्या मागावरचा माणूस नुसते ओठ हलवतो आणि इकडचा खदाखदा हसतो. वर हाताच्या खुणा. कॉलर ओढली की मालक आला. अंगठा ओठाला लावला की चहा.

आणि शेडमध्ये निम्मे लोक तेलुगू बोलणारे. म्हणून आण्णांना तेलुगू दिसतं. बोलता अजिबात येत नाही, ऐकू तर येतच नाही, पण दिसतं! समोरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू त्यांच्या नवऱ्याला काय बोलल्या हे आण्णा आमच्या दारात खुर्ची टाकून सांगू शकतात. मधे अख्खा रस्ता. संध्याकाळी जेवताना हे सगळं आमच्यापुढं यायचं, आम्ही त्याला बातम्याच म्हणायचो. "आज समोर भांडान झालं. परत वांगीच आणली म्हनून." आई म्हणायची, "लोकांच्या तोंडाकडं बघत बसायचं वय हाय का तुमचं?" आणि भाकरी वाढता वाढता लगेच, "मग? फुडं काय म्हनली ती?"

एकदा दादासाठी मुलगी बघायला गेलो होतो. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तिथं मुलीच्या मावशीनं लांब कोपऱ्यात कुणाच्या तरी कानात काहीतरी सांगितलं. परत येताना गाडीत आण्णांनी ते जसंच्या तसं ऐकवलं, "पोरगा बरा हाय म्हनली, सासू तेवढी खाष्ट दिसतीय." ते स्थळ गाडीतच संपलं.

आमच्या घराला यामुळं काही सवयी लागल्यात. आण्णांशी बोलायच्या आधी फरशीवर हाताचा पंजा आपटायचा, धप्प. ते त्यांना बसल्या जागी खालून कळतं, मग ते वर बघतात, मग बोलायचं. पाठ फिरवून बोलायचं नाही. हसताना तोंडावर हात धरायचा नाही. मला वाटायचं सगळ्यांच्या घरात असंच असतं. पहिलीत मी बाईंना काही विचारायच्या आधी बाकावर जोरात हात आपटायचे, तर बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं, तुमची मुलगी फार उद्धट आहे म्हणून.

हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं की आम्ही 'आण्णा ओठ वाचतात' असं कधी म्हणायचोच नाही. आण्णा ऐकतात, असंच म्हणायचो. ते पण तसंच म्हणायचे. इथंच घोळ झाला.

आता माझं सांगते. मी फर्निचर करते आणि दिवे करते. स्वतःचं काम, कुणाच्या हाताखाली नाही. पुण्यात शिकले आणि परत आले, कारण मला लागणारा सगळा माल इथंच आहे ना! एमआयडीसीत एका बंद पडलेल्या कारखान्याचा कोपरा घेतलाय, वर पत्रा, शेजारी टॉवेलचं युनिट. माझी एक सवय आहे. कुठलाही माल आणला की लगेच कापायचा नाही. आधी तो घरी पडू द्यायचा, येता जाता दिसला पाहिजे, पायात आला पाहिजे. बाभळीची फळी माझ्या पलंगाखाली महिनाभर होती. सांगोल्याच्या चुलत्यांनी दिलेलं जुनं घोंगडं मी खुर्चीला लावायच्या आधी थंडीभर पांघरलं, तेव्हा कळलं की ते कुठं टोचतं आणि कुठं नाही. आई म्हणते, "हे घर हाय का भंगाराचं दुकान? पाय ठेवायला जागा न्हाय." आणि दुसरी सवय म्हणजे झालेली वस्तू आधी आमच्या घरात वापरायची, मग बाहेर द्यायची. माझ्या पहिल्या स्टुलावरून दादा दोनदा पडलाय. ते स्टूल मी कुणाला दिलं नाही.

तर आण्णांच्या कपाटामागं एक फणी होती. फणी म्हणजे मागाचा कंगवाच समजा, लांबलचक, वर-खाली पट्टी आणि मधे बारीक पोलादी तारा एकमेकींना खेटून उभ्या. कापडाचा प्रत्येक उभा धागा तिच्यातनं जातो, आणि ती पुढं येऊन आडवा धागा ठोकून बसवते. कारखान्यात नवे माग आले तेव्हा जुने भंगारात गेले, आण्णांनी त्यांच्या मागाची फणी तेवढी घरी आणली. टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळाला घरी आणतात तसं जपून. नंतर ती तिथंच उभी राहिली. मी विचारलं, "आण्णा, घेऊ का ही?" तर म्हणाले, "घे की. भिताडाला टेकून गंजायलीय नुसती."

मी फार जपून केलं ओ ते. आठ दिवस नुसती बघत बसले. मग एका सकाळी उन्हात उभी केली आणि भिंतीवर इतक्या बारीक रेघा उमटल्या, इतक्या सरळ, मला ओरडावंसंच वाटलं. दिवाच! दुसरं काही नाही! तारा निसटू नयेत म्हणून आधी कडा सोल्डर करून घेतल्या, मग चार तुकडे, त्यांची चौकोनी पेटी, आत पिवळसर बल्ब. खालची बाजू उघडी.

आम्ही जेवायला खालीच बसतो, फरशीवर, गोल करून. तो दिवा मी बरोबर मधे, वरून खाली सोडला. ट्यूबलाइट बंद. काय दिसत होतं! ताटांवर सोनेरी उजेड, आमटीवरचा तर्रीचा थर चमकतोय आणि बाकी सगळ्या खोलीत बारीक रेघा. आई सुद्धा गप्प झाली. आण्णांनी तारांवरनं बोट फिरवलं, एका ठिकाणी थांबले, "हितं एक दात वाकडा हाय," आणि हसले. मी फोटो काढून टाकले, ढीगभर लोकांनी विचारलं कुठं मिळेल. मी हवेत.

आणि मग आण्णा गप्प झाले.

लगेच लक्षात आलं नाही. बातम्या कमी झाल्या, मग बंदच. जेवताना खाली बघून जेवायचे, पटकन उठायचे. पंजा आपटला की वर बघायचे, आपण काही बोललो की मान हलवायचे, "व्हय व्हय," आणि परत भाकरी मोडायला लागायचे. आई विचारायची, "कोशिंबिरीत मीठ पडलंय का?" "व्हय व्हय." "का पडलं न्हाय?" "व्हय." दिवसा बरे असायचे, म्हणून आम्हाला वाटलं संध्याकाळी दमतात, वय झालं. दादा फोनवर म्हणाला कान अजून गेले असतील, परत मशीनचं बघू. मशीन आधी आणलेलं, त्यात माणसांपेक्षा भांडीच जास्त ऐकू येतात म्हणून आण्णांनी ते डबीत ठेवून दिलंय.

आईचं मात्र वेगळंच. एके दिवशी धुणं वाळत घालताना मला म्हणाली, "तू त्यांची फणी कापलीस बग."

"विचारून कापली की गं."

"इचारलंस खरं. ते न्हाय कशाला म्हनतील तुला? पन लागलंय त्यांना. आयुष्य गेलं त्या फणीम्होरं. आता रोज डोक्यावर तिचे तुकडे टांगलेले बगून घास उतरंल का मानसाला?"

हे खरं असलं तर? आणि खरंच वाटत होतं, कारण ते दिव्याखालीच गप्प व्हायचे. त्या संध्याकाळी जेवताना मी फरशीवर हात आपटला. आण्णांनी वर बघितलं. मी विचारलं, "आण्णा, फणी कापली म्हणून तुम्हाला वाईट वाटलंय का?"

आण्णा म्हणाले, "व्हय व्हय."

आणि आमटी ओरपायला लागले.

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. तुकडे परत जोडता येतील का याचा पण विचार केला, इतकी वेडी झाले होते. सोल्डर केलेली फणी परत मागावर चढत नाही. आणि माग तरी कुठाय?

शनिवारी दादा आला. तो कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे, सुट्टीला घरी येतो, आणि त्याची एक घाणेरडी सवय म्हणजे जेवताना मोबाइल. डाव्या हातात हनुवटीखाली धरलेला, उजव्या हातानं घास. आई नेहमीसारखी त्याला बोलत होती. तो फोनमध्ये बघत बघतच काहीतरी पुटपुटला, कुणाकडं न बघता, फरशी न आपटता, की गाडीत आज एकाची चप्पल खिडकीतनं बाहेर पडली तर त्यानं दुसरी पण फेकून दिली.

आण्णा फसकन हसले. "दुसरी कशाला फेकली मग? शाना हाय."

आम्ही सगळे थांबलो. आईचा हात भाकरीच्या डब्यातच.

"बरं," आई म्हणाली, पुढं वाकून, मोठ्यानं. "पोराचं तेवढं बरं ऐकू येतंय. आमी दोघी महिनाभर घसा फोडायलोय तर नुसतं व्हय व्हय. आमचं ऐकायचं न्हाय असं ठरीवलंय का काय?"

आण्णांनी तिच्याकडं बघितलं, डोळे बारीक करून. मग दादाकडं वळून म्हणाले, "काय म्हनली रं ती?"

दादानं फोन तसाच धरून सांगितलं. आण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. मग अगदी हळू, जसं काही त्यांचीच चूक आहे, "त्याचं तोंड दिसायलंय. मोबाइलचा उजेड पडतोय न्हवं. तुमची तोंडं अंधारात हाईत. ताटं तेवढी झकास दिसत्यात."

मी वर बघितलं. मग आईकडं. खरंच, तिच्या नाकाखाली सावली, ओठांवर अंधार, आणि त्या अंधारावर माझ्या सुंदर सरळ रेघा! बल्ब आमच्या डोक्यांच्या वर, उजेड सगळा खाली ताटात. मी उठले, ट्यूब लावली, परत येऊन बसले आणि आवाजच काढला नाही, नुसते ओठ हलवले. आण्णा, मी काय म्हणतेय?

"मी काय म्हनतेय म्हनायलीस," आण्णा म्हणाले.

आई हसायला लागली, तिला थांबताच येईना, पदर डोळ्याला. मला मात्र ते मोरीतलं आठवत होतं. विचारलं, "मग त्या दिवशी तुम्ही व्हय कशाला म्हणालात?"

"कवा?"

"मी विचारलं नव्हतं का, फणी कापली म्हणून वाईट वाटलं का."

"मला काय म्हाईत तू काय इचारलीस. रेघा हलल्या, मी व्हय म्हनलो."

"पण सांगायचं ना आण्णा, दिसत नाही म्हणून!"

ते ताटातल्या घासाकडं बघत राहिले. "तू एवढ्या हौसेनं लावलीस," एवढंच म्हणाले.

म्हणजे बघा. महिनाभर हा माणूस रोज संध्याकाळी आमच्यात बसून एकटा जेवला, आणि कशासाठी, तर माझी हौस मोडू नये म्हणून. मी फणीकडं आठ दिवस बघत बसले होते. फणीखाली बसणाऱ्यांकडं एक दिवस पण नाही.

दिवा उतरवायला लागले तर आण्णांनीच हात धरला. "मोडू नको. मानसांवर नको लावू, कापडावर लाव. फणीला मानसांचं काय कळतंय?" तो दिवा आता माझ्या शेडमध्ये कापड कापायच्या टेबलावर आहे. त्याच्या रेघा कापडावर पडतात तेव्हा धागा तिरका गेलेला लगेच दिसतो. तिथं तो इतका शोभतो की घरी कधी लावला होता हेच खरं वाटत नाही.

मग सुरू झालं नवं काम. आता मला ताटांसाठी नाही, तोंडांसाठी दिवा पाहिजे होता. ट्यूब आहे की, असं दादा म्हणाला. आहे, पण ती एका भिंतीला, तिच्याकडं पाठ करून बसलेल्याचं तोंड काळंच. मी फरशीवर आरसा घेऊन बसायचे आणि बल्ब इकडून तिकडून धरून बघायचे. खालून धरला तर आई म्हणाली, "आगं बाई, भूत दिसायलीस." समोरून धरला तर आण्णांच्या डोळ्यात जातो, ते ओठ वाचणार कसे? बाजूनं, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला, दोन्हीकडून. हे जमत होतं. पण उघडा बल्ब नको, तोंडावर कडक सावल्या पडतात. त्याच्यापुढं काय लावायचं? कागद लावला, त्याचा उजेड आजारी दिसत होता. घोंगडं लावलं, त्यानं सगळा उजेड गिळूनच टाकला. चादर लावली, तिची फुलं आईच्या गालावर उमटली!

आणि मग शेजारच्या युनिटमधनं एक कोरा टॉवेल आणला. रंग नाही, धुलाई नाही, मागावरनं उतरलेला तसा, भाकरीच्या पिठासारख्या रंगाचा. तो या वेळी आठ दिवस घरी ठेवला नाही ओ, धीरच नव्हता! बांबूच्या पट्ट्यांच्या चौकटीवर ताणला आणि मागं बल्ब लावला. टॉवेलाला ते बारीक बारीक फास असतात ना, पाणी शोषणारे? ते उजेड पण तसाच शोषून घेतात आणि सगळीकडं सारखा सोडतात. आईच्या तोंडावर एक रेघ नाही. तिच्या हनुवटीवरचं गोंदण दिसलं मला, ते नीट बघून किती वर्षं झाली होती.

तपासायला आण्णाच. ते भिंतीशी बसायचे, मी समोर बसून आवाज न काढता बोलायचे, आणि त्यांनी ते मोठ्यानं परत म्हणायचं. त्यांना याची इतकी मजा यायला लागली की दुपारपासून विचारायचे, "आज न्हाय का परीक्षा?" मी दिवा वर-खाली करायचे, मागं-पुढं सरकवायचे. मी ओठांनी म्हटलं, आमटी खारट झालीय. आण्णा खच्चून, "आमटी खारट झालीया!" आतनं आई, "कुनाला? या हिकडं, तुमीच करा उद्यापासनं!"

शेवटच्या दिवशी, म्हणजे कालच, उंची बरोबर जमली तेव्हा मी जे तोंडानं मोठ्यानं बोलू शकले नसते ते ओठांनी म्हटलं. आण्णा, तुम्हाला काही आवडलं नाही तर मला सांगत जा.

हे त्यांनी मोठ्यानं परत म्हटलं नाही.

"आवडला न्हवता असं कुटं हाय?" म्हणाले. "लई आवडला हुता. माझी फणी, आन तू केलेला. म्हनून तर सांगता येईना."

आणि आज संध्याकाळी दोन्ही दिवे भिंतींना पक्के बसवले, डावीकडं एक, उजवीकडं एक, आपण खाली बसल्यावर तोंडाच्या उंचीला. उभ्यानं बघितलं तर अगदी वेड्यासारखे दिसतात, गुडघ्याच्या वर दोन टॉवेल चिकटवल्यासारखे. फोटोत तर काहीच येत नाहीत. मी काढलाच नाही फोटो. आम्ही बसलो, दादा पण सुट्टीला आलेला. आईनं वाढलं. आण्णांनी पहिला घास घेतला, सगळ्यांच्या तोंडाकडं एकदा बघितलं, एकेकाच्या, सावकाश, आणि पाणी पिऊन सुरू झाले, "समोरच्या काकूंनी आज नवऱ्याला सांगितलं, शेजारच्यांनी भिंतीला टॉवेल लावलेत, डोकं फिरलंय पोरीचं."

दादा ठसकला. मी हसायला लागले. आई दुसरीकडं बघून, तोंडातल्या तोंडात, अगदी सवयीनं पुटपुटली. महिनाभर ती असंच करत होती, कुणाला कळत नव्हतं ना!

"मी बडबड्या व्हय गं?" आण्णा म्हणाले. "आन म्हाताराबी?"

आईचं तोंड बघायला पाहिजे होतं. आता ते सगळ्यांनाच नीट दिसत होतं. "काय बाई हे दिवे!" ती ओरडली. "आता मानसानं मनातबी काय बोलायचं न्हाय का या घरात?" आणि आण्णा जे हसायला लागले, ते अजून हसायलेत. जिन्यापर्यंत ऐकू येतंय.

मी जाते खाली, नाहीतर पुढच्या बातम्या हुकतील. पण तुम्ही सांगा की, तुमच्याकडं कधी झालंय का असं? आपण हौसेनं घरात काहीतरी लावलं, आणलं, बदललं, आणि त्यामुळंच घरातलं कुणीतरी गप्प बसायला लागलं, आणि आपल्याला वाटत राहिलं की वय झालं? झालं असेल तर सांगा, आणि ते माणूस परत बोलायला कशानं लागलं, ते आधी सांगा.